बादुआनजिन की ताईची?

साठीतल्या आत्याला पोट, कंबर, श्वास सांभाळायचाय, या दोन संथ चिनी व्यायामप्रकारांपैकी शिकावं काय?

बादुआनजिनच्या आठच हालचाली, साधारण पंधरा मिनिटांच्या. सतरंजीएवढी जागा पुरते. चिनी परंपरेत एक हात वर ताणून दुसरा खाली दाबणं प्लीहा-जठरासाठी, वाकून पावलं धरणं मूत्रपिंड-कंबरेसाठी. ही सांगड परंपरेची. मूत्रपिंडाच्या आजारावर तो उपचार नव्हे.

ताईचीचा १९५६ साली चीनमध्ये बसवलेला २४ हालचालींचा संच पाच-सहा मिनिटांत होतो, पण क्रम अंगवळणी पडायला महिने लागतात, शिक्षकही हवा. गुडघे वाकलेले राहतात. तोल मात्र ताईचीने सुधारतो. वयस्कांचं पडणं कमी होतं, याला अभ्यासांचा चांगला आधार आहे.

घरी एकटीने करायचं, तर बादुआनजिन. पडण्याची भीती असेल आणि जवळ वर्ग असेल, तर ताईची.