आईचं एएफओ, आठ महिने वापरल्यावर: प्लास्टिक ठीक, पट्ट्याने जीव खाल्ला

एएफओ म्हणजे चवडा लोंबू नये म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत घालायचा प्लास्टिकचा आधार. गेल्या आठवड्यात त्याच्या पोटरीच्या पट्ट्याचं वेल्क्रो पूर्ण गेलं, दुकानदार म्हणाला पट्टा सुटा मिळत नाही, नवीनच घ्या, म्हणून आज लिहायला बसलोय.

आईची डावी बाजू गेली होती. हळूहळू उभी राहायला लागली पण चालताना चवडा लोंबायचा, उंबऱ्याला अडकायचा, मग ती कमरेतून पाय गोल फिरवून टाकायची. फिजिओ मॅडमनी एएफओ सांगितलं. मापाचं ५,००० ला होतं, रेडिमेड १,२०० ला, मी रेडिमेड घेतलं. पहिल्याच दिवशी उंबरा न अडखळता ओलांडला तेव्हा वाटलं पैसे वसूल.

पण पट्टा! पट्टा कडीतून ओवायचा, ताणायचा, ताण धरून ठेवायचा आणि मग चिकटवायचा. ज्याचा पाय गेलाय त्याचा बहुतेक वेळा त्याच बाजूचा हातही गेलेला असतो हो, एका हाताने हे कसं करायचं? आई दहा मिनिटं झटायची, पट्टा कडीतून निसटायचा, मग हाक मारायची, "अरे, येतोस का जरा". रात्री बाथरूमला जायचं तरी मला उठवायला लागायचं आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. त्यात वेल्क्रोत मोज्याचे, गाऊनचे धागे अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने आणि सेफ्टी पिनने साफ करत राहिलो म्हणून आठ महिने तरी चाललं.

आधी मी सगळ्यांना सांगत होतो की रेडिमेड पुरतं. दोन महिन्यांनी मत बदललं. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर लाल डाग दिसला, आईला त्या पायाला नीट कळतच नाही त्यामुळे दुखलंही नाही. मॅडम म्हणाल्या, काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर घालायचं नाही. प्लास्टिक तिथे गरम करून बाहेर फुगवून घेतलं तेव्हा डाग थांबला. त्यामुळे रोज काढल्यावर पाय उजेडात बघाच, आणि आत लांब सुती मोजा हवाच.

दुसरं, हे घातलं म्हणजे व्यायाम संपला असं आम्ही धरून चाललो होतो, ती आमची चूक. एएफओ पाऊल फक्त काटकोनात धरून ठेवतं, नडगीवरचा जो स्नायू चवडा उचलतो त्याला काम करायला लावत नाही. मॅडमनी सांगितल्यावर पलंगावर पाय लांब करून चवड्याला टॉवेल अडकवून ओढायचा, तीस मोजायचे, असं पाच वेळा, रोज दोनदा सुरू केलं. पोटरी पहिल्यापेक्षा सैल झाली आणि टाच एएफओत नीट खाली बसायला लागली.

बुटाचा खर्च वेगळाच. डाव्याला एक नंबर मोठा लागतो, दुकानदार वेगवेगळ्या नंबरची जोडी देत नाहीत, मोठीच जोडी घेऊन उजव्यात जास्तीचा सोल घातला. नुसतं एएफओ घालून फरशीवर चालू देऊ नका, सटकतं.

पट्टा शेवटी कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी ६० रुपयांत नवीन लावला. टोकाला बोट जाईल एवढा जाड फासा शिवला, तो कडीतून बाहेरच येत नाही, म्हणजे ओवायचं काम संपलं, फाशात बोट घालून ओढलं की झालं. आई आता एकटी घालते. आठ महिने हे माझ्या डोक्यात का आलं नाही याचंच वाईट वाटतंय.

पुढच्या महिन्यात मापाचं बनवायला टाकतोय. घरी आणायच्या आधी ते काकांकडे नेणार आणि आईला तिथेच एका हाताने घालून बघायला सांगणार.