कोव्हेंट्रीची स्पॉन स्ट्रीट: दुकानांमागची मध्ययुगीन घरं

14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. स्पॉन स्ट्रीटवरची लाकडी चौकटीची घरं मात्र बरीच वाचली. काही घरं शहरात इतरत्र होती, ती सुटी करून इथे पुन्हा उभारली, म्हणून सगळी रांग मूळ जागेवरची समजू नये.

यांतलं वील्डन घर, म्हणजे मधे उंच दिवाणखाना असलेलं एका खास घडणीचं मध्ययुगीन इंग्लिश घर, समोरच्या फुटपाथवरून ओळखा: दोन्ही टोकांचे वरचे मजले पुढे आलेले, मधला दिवाणखाना आत, पण वळचण एकाच रेषेत. त्या दिवाणखान्यात उघडी चूल असे, त्यामुळे अशा घरांचे जुने वासे धुराने काळे असतात. पुढे मधे मजला घातला, की ते माळ्यावर दडतात. दुकानातून ते सहसा दिसत नाहीत, हीच मोठी उणीव.

अशा लाकडी घरांना सिमेंटचा गिलावा मात्र घातकच: ओल अडकते, तळची ओकची तुळई कुजते. तिथे चुनाच हवा.