मारुती ८००, मॉडेल १९९८: सोलापूरची गाडी, रत्नागिरीचा पाऊस

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाची चौकशी करतो. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी करावी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे आणि रत्नागिरीत १९९८ची कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा जुन्या गाड्यांतला भाग) मारुती ८०० रोज चालवते. एवढ्या जुन्या गाड्यांपैकी काही अजून रस्त्यावर का आणि बाकीच्या कुठे गेल्या, याचं उत्तर मला या गाडीत दोन ठिकाणी सापडलं: पत्र्यात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात.

गाडीचा नंबर एमएच १३, म्हणजे सोलापूरचा. मुद्दाम तिकडची शोधली. आमच्याकडचे मेस्त्री जुनी गाडी बघताना आधी नंबर प्लेट बघतात, घाटावरची असली तरच पुढे सरकतात. गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी एवढं पुरतं. पण त्या पाण्यात मीठ उतरलं की ते वीज चांगलं वाहून नेतं आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने वाढते. सोलापूरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आणि आमच्या मिऱ्या बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली गाडी कारखान्यातून एकाच दिवशी निघाली असली, तरी दहा वर्षांनी त्यांचं वय सारखं राहत नाही.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात आमची जांभ्याची लाल माती. ती चाकाच्या वरच्या कमानीत आतून थापली जाते आणि पाऊस थांबला तरी ओल धरून बसते. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की दरवाजात पाणी साचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो. दरवाजाच्या खालच्या कडेला तांदळाएवढा फुगवटा दिसला, तर तो बहुतेक वेळा आतून बाहेर आलेला असतो. वरून रंग मारून काही साधत नाही. तिथला पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

८००चा पत्रा पातळ आहे, हे स्पष्टच सांगते. सगळी गाडी मिळून साधारण ६५० किलोची. तिचा फ्लोअर आणि दरवाजाखालचे पट्टे ही नाजूक ठिकाणं. म्हणून दर पावसाळ्याआधी मी खालून अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप, करून घेते, जून ते सप्टेंबर रबरी मॅट काढून ठेवते आणि आठवड्यातून एकदा कमानींत नळीने पाणी मारते. एवढ्यावर या गाडीचा तळ अजून शाबूत आहे. ज्यांच्या घरी गाडी उघड्यावर उभी राहते, त्यांनी या कामात आळस करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पण नुसत्या पत्र्यावर गाडी टिकत नाही. १९९०च्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ बनत होती. १९९५च्या सुमारास देवूची सिएलो आली. दोन्ही ८००पेक्षा कितीतरी प्रशस्त आणि आरामशीर. आज त्या रस्त्यावर शोधाव्या लागतात. प्यूजोची इथल्या प्रीमियर कंपनीशी असलेली भागीदारी काही वर्षांतच संपली, देवू कंपनी २०००मध्ये कोरियात दिवाळखोरीत गेली. एकदा पुरवठा आटला की इंजिन कितीही चांगलं असो, समोरच्या काचेपायी किंवा साध्या टेललॅम्पपायी गाडी अंगणात उभी राहते. आणि उभी राहिली की संपते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) तुंबतात, सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात.

८००चं याच्या अगदी उलट झालं. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ला ग्राहकाच्या हातात पडली. १९८६मध्ये आलेला आकार थोड्याफार बदलांनी जानेवारी २०१४पर्यंत चालला. २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं, आणि ओम्नी २०१९पर्यंत बनत होती. त्यामुळे क्लच प्लेट, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप हे सगळं तालुक्याच्या दुकानातही मिळतं. नवं मिळालं नाही तर भंगारात गेलेल्या दुसऱ्या ८००चा दरवाजा किंवा बॉनेट मिळतो. मेलेल्या गाड्या जिवंत गाड्यांना पोसतात. ज्या मॉडेलच्या मुळात थोड्याच गाड्या होत्या, त्यांच्या नशिबी हे नाही.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींकडे बघा. समुद्रकाठच्या शहरात राबल्या, तरी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली, तीही टॅक्सीला घातलेली २० वर्षांची मर्यादा भरली म्हणून. तिचा कारखाना कुर्ल्यातलाच. पार्ट जवळ, आणि तिची नस ओळखणारा मेस्त्री कुठेही सापडणारा. शिवाय रोज चालायची, त्यामुळे लहान दुखणं त्याच आठवड्यात कळायचं.

आता चालवण्याबद्दल. चार गिअर, १२ इंची चाकं, हलकं स्टिअरिंग. रत्नागिरीच्या बाजारातल्या गल्ल्यांत आणि उतारावरच्या वळणांत हिच्यासारखी दुसरी गाडी नाही. आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढते, एसी बंद ठेवला तर तक्रार न करता. तापमानाच्या काट्यावर मात्र लक्ष हवं. रेडिएटरमधलं कूलंट कमी असताना घाट चढू नये, इंजिनाचं वरचं अॅल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, वाकू शकतं. माझ्या गाडीत पाणी चालत नाही, कूलंटच घालते. थंड सकाळी चोक ओढून दोन मिनिटं थांबावं लागतं.

एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. महामार्गावर मोठ्या गाड्यांच्या गर्दीत मी ती नेत नाही, नातवंडांना घेऊन तर कधीच नाही. महामार्गाने लांब जायचं असेल तर मुलाची गाडी असते. या बाबतीत ८००ची बाजू घेण्यासारखं काही नाही आणि मी घेणारही नाही.

पेट्रोलचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि १९९८चे रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे रबरी पडदे (डायफ्रॅम) त्यासाठी बनलेले नाहीत. आमचे मेस्त्री माझे विद्यार्थी होते. त्यांनीच सुचवलं, "मॅडम, पाइप सगळे इथेनॉलचे टाकू या, आणि पावसात टाकी भरलेलीच ठेवा." टाकी भरलेली असली की वर दमट हवेला जागा कमी राहते. अगदी बरोबर विचार. पाइप बदलल्यापासून पेट्रोलचा वासही येत नाही.

कागदांचा खर्च धरूनच हिशोब करा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्कच एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला बंदीचा आदेश झाला, त्यामुळे तिकडच्या चांगल्या स्थितीतल्या गाड्या स्वस्तात दिसतात. पण नंबर बदलणं, एनओसी आणि कर यात तो फायदा बराचसा जातो. त्यापेक्षा सोलापूर, लातूर, धाराशिवकडची बघा.

गाडी बघायला जाल तेव्हा स्टार्टर मारण्याआधी चारही मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबा. मागच्या डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून खालची जागा बघा, मग दरवाजाची खालची कड. तिथे नवा काळा रंग जाड थापलेला दिसला तर निघून या. पत्रा कोरडा निघाला, तर इंजिनाचं काम कितीही निघो, ते होऊन जाईल.