गूगल मॅप्सची बस, ऑरगॅनिक मॅप्सची सायकल

शहरात नव्याने राहायला आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. ऑफिसला किती वेळ लागेल, रात्री परतायला काही मिळेल का, सायकलने जाता येईल का, आणि या भागात घर घ्यावं का. चारही प्रश्न बहुतेक जण गूगल मॅप्सलाच विचारतात. पहिल्या दोहोंचं उत्तर ते चांगलं देतं, फक्त विचारण्याची रीत हवी. तिसऱ्यासाठी आमची पसंती ऑरगॅनिक मॅप्स या दुसऱ्या नकाशा-अ‍ॅपला. चौथ्याचं उत्तर कुठलंच अ‍ॅप सरळ देत नाही, ते काढून घ्यावं लागतं.

गूगलची बस-रेल्वेची सोय डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडपासून सुरू झाली. तिथल्या ट्रायमेट या परिवहन संस्थेचं वेळापत्रक वाचता यावं म्हणून फायलींची जी रचना ठरली, तीच आज जीटीएफएस या नावाने जगभर चालते. त्यात साध्या मजकुराच्या फायली असतात: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरची वेळ, कुठल्या वारी कुठली सेवा. अ‍ॅपच्या बऱ्याच चुका खरं तर या फायलींतल्या असतात. सार्वजनिक सुट्टी आली आणि संस्थेने अपवादांची फाइल भरली नाही, तर अ‍ॅप बिनदिक्कत नेहमीच्या दिवसाच्या बस दाखवतं.

म्हणून आधी बघायचं ते हे, की वेळ थेट, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे त्यावरून काढलेली आहे, की वेळापत्रकातली. गूगल मॅप्समध्ये थेट वेळेशेजारी लहरींची छोटी खूण असते. खूण नसेल तर ते वेळापत्रक, आणि वेळापत्रकात असलेली बस आज निघालीच असेल असं नाही. फेरी रद्द झाल्याचं संस्थेने कळवलं नाही तर ती पडद्यावर येते, रस्त्यावर येत नाही. थेट वेळेचंही एक दुखणं आहे. सुरुवातीच्या आगाराजवळच्या थांब्यांवर ती सर्वात कच्ची असते, कारण गाडी अजून उभीच असते आणि ती वेळेवर निघेल असं धरून अंदाज बांधलेला असतो. ‘सहा मिनिटं’ वर अडकून राहिलेली बस बहुधा याच कारणाने अडकलेली असते. मार्गाच्या मध्यावरच्या थांब्यांवर अंदाज बराच भरवशाचा होतो.

मधल्या थांब्यांच्या छापील वेळा मात्र पुष्कळदा हिशेबाने भरलेल्या असतात. संस्था काही ठरावीक थांब्यांच्याच वेळा पक्क्या करते, बाकीच्या अंतरानुसार वाटून टाकते. तिथे बस लवकर सुटून जाऊ शकते, आणि उशिरापेक्षा हे महागात पडतं. अर्ध्या तासाने एक बस असेल आणि ती दोन मिनिटं आधी गेली, तर वेळेवर येऊनही पुढचा अर्धा तास थांब्यावर काढा.

‘दर १० मिनिटांनी’ या शब्दांवरही फार विसंबू नये. बस अगदी समान अंतराने आल्या तर सरासरी थांबणं ५ मिनिटं. पण गर्दीत त्या एकमेकींना चिकटतात. एक २ मिनिटांनी आणि पुढची १८ मिनिटांनी अशी जोडी पडली की सरासरी ८.२ मिनिटांवर जाते, कारण थांब्यावर येणारे बहुतेक जण त्या लांब फटीतच सापडतात. फेऱ्या तेवढ्याच, तक्रारी दुप्पट!

रात्रीचा प्रवास तपासताना तारखेची गफलत होते. जीटीएफएसमध्ये मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्याच दिवसाच्या खात्यात असते. शनिवारी रात्री १ वाजून १० मिनिटांनी सुटणारी बस फाइलमध्ये शनिवारची ‘२५:१०’ म्हणून नोंदलेली असते. अ‍ॅपमध्ये मात्र कॅलेंडरच चालतं, तेव्हा तारीख रविवारची टाका. शनिवारची टाकलीत तर शुक्रवारच्या रात्रीच्या बस दिसतील. वेळेच्या पर्यायांतला ‘शेवटची’ हाही वापरून बघा. शेवटची गाडी सापडली की तिच्या आधीची कितीला आहे ते पाहून तीच पकडायचं ठरवावं.

गाडी बदलायची असेल तर दोन-तीन मिनिटांची जोडणी पाहून खूश होऊ नका. ती चुकली तर पुढची किती वेळाने, हा आकडा जास्त महत्त्वाचा. भूमिगत स्थानकात शिरायला, तपासणीतून जायला आणि योग्य फलाटावर पोहोचायला लागणारा वेळ अनेक शहरांच्या माहितीत नसतोच. स्वतःच चार-पाच मिनिटं वाढवून धरावीत.

सायकलच्या बाबतीत गूगल सगळ्या शहरांत मदतीला येत नाही. ऑरगॅनिक मॅप्स येतं. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, नकाशा एकदा उतरवला की नेट नसतानाही चालतो. त्यामागे ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची माहिती आहे. बसचं वेळापत्रक यात शोधू नका. सायकलचा मार्ग मागितला की खाली चढ-उताराचा आलेख येतो आणि याच्यासाठीच हे अ‍ॅप ठेवावं. एकूण चढाईचा आकडा फसवा असतो. ५ किलोमीटरमध्ये ४० मीटर चढ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तो सगळा ६०० मीटरमध्ये असेल तर चढ जवळपास ७ टक्के होतो आणि साध्या सायकलवर बरेच जण उतरून चालतात. आलेखातला सर्वात उभा तुकडा बघा.

पूल आणि बोगदे आले की आलेखावर विश्वास ठेवू नये. अशा नकाशांत उंचीची माहिती बहुतेकदा २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची असते, आणि तिच्यात साधारण ३० मीटरच्या चौकटीला एक आकडा असतो. नदीवरचा पूल त्यामुळे खोल दरीसारखा दिसतो, बोगद्यातला सपाट रस्ता डोंगर चढून उतरतो.

सायकलची पट्टी नुसती रंगवलेली आहे की वेगळी बांधलेली, हे ओपनस्ट्रीटमॅपच्या वेबसाइटवर कळतं. उजवीकडचं प्रश्नचिन्हाचं बटण दाबून रस्त्यावर टिचकी मारा. ‘लेन’ म्हणजे रंगाची पट्टी, ‘ट्रॅक’ म्हणजे वेगळा मार्ग. पृष्ठभाग आणि दिव्यांची नोंदही तिथेच सापडते, अर्थात कुणी केली असेल तर. पट्टीवर गाड्या उभ्या असतात का, हे मात्र जाऊनच बघावं लागतं.

आता घराचं. घराचा पत्ता टाकून ‘आत्ता’ विचारू नका. मंगळवारी सकाळी ९ ला पोहोचायचं आहे असं विचारा, मग रात्री साडेनऊला परतीचं, मग रविवारी सकाळी १० चं. तिन्ही उत्तरांत मोठा फरक पडला तर त्या भागाची सेवा फक्त ऑफिसच्या वेळेपुरती आहे. थांबा ‘४०० मीटरवर’ असं कुणी सांगितलं तर पायी मार्ग काढून बघा. मध्ये रेल्वेरूळ किंवा हमरस्ता असेल तर तेच अंतर सहज दुप्पट होतं. स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगल मॅप्समधली रस्त्यांची छायाचित्रं बघताना कोपऱ्यातला महिना आणि साल वाचा. संगणकावर जुनी चित्रंही उघडता येतात, म्हणजे पदपथ नवा झाला की होता तोही गेला ते कळतं.

नकाशावरच्या रस्त्यात किंवा पायवाटेत चूक दिसली तर ती ओपनस्ट्रीटमॅपवर टीप टाकून कळवता येते. बसची वेळ चुकली असेल तर गूगलकडे तक्रार करून फारसं हाती लागत नाही. ती परिवहन संस्थेलाच कळवावी, मार्ग क्रमांक, थांब्याचं नाव, दिशा आणि अ‍ॅपने दाखवलेली वेळ यांसह.