डॅलसचं बुश म्युझियम : बघाच, पण 2002 चं कॅलेंडर सोबत घेऊन जा

डॅलसला घरचे आले की केनेडींच्या हत्येवरचं सिक्स्थ फ्लोअर म्युझियम होतं आणि मग पुढे काय असं होतं, तेव्हा एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) कॅम्पसमधलं धाकट्या बुशचं, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुशचं म्युझियम नक्की करा. ओव्हल ऑफिसची, म्हणजे व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसची फुल साइज कॉपी आहे, चक्क टेबलामागे बसून फोटो काढता येतो, सासरे एकदम खूष. 9/11 च्या भागात ट्विन टॉवर्सचे वाकलेले पोलादी बीम उभे केलेत, ते बघाच.

पण खरा माल म्हणजे डिसिजन पॉइंट्स थिएटर. टच स्क्रीनसमोर उभं राहायचं, बुशचे माजी चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड आणि जोश बोल्टन पडद्यावर येऊन पेच समजावतात, मग घड्याळ सुरू. कुणाचा सल्ला ऐकायचा ते बोटाने निवडायचं, मध्येच ब्रेकिंग न्यूज आदळते, शेवटी व्होटिंग. आम्ही इराकवर हल्ला करायचा की नाही हा पेच घेतला. सासरे म्हणे यूएनला जाऊ, सासूबाई म्हणे अहो पटकन दाबा काहीतरी, वेळ संपतोय. मग स्वतः बुश येऊन सांगतात मी काय केलं आणि का केलं. म्हणजे पेपर काढणारा, तपासणारा आणि मार्क देणारा सगळे एकाच घरचे.

आणि सल्लागारांमध्ये एक माणूस गायबच आहे, निवडणूक सांभाळणारा! सप्टेंबर 2002 मध्ये ह्याच कार्डसाहेबांना न्यूयॉर्क टाइम्सने विचारलं होतं की इराकबद्दल ऑगस्टभर गप्प का होतात, तर म्हणे मार्केटिंगच्या हिशेबाने नवीन प्रॉडक्ट ऑगस्टमध्ये आणत नाहीत. घ्या. मग ऑक्टोबरमध्ये इराकवर बळ वापरायला काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मंजुरी, हाउसमध्ये 296 विरुद्ध 133, सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23, आणि 5 नोव्हेंबरला मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या टर्मच्या मध्यावर होणारी काँग्रेसची निवडणूक. डेमोक्रॅट अल गोर तेव्हाच बोलले होते की थोरल्या बुशने 1990-91 च्या आखाती युद्धाच्या वेळी निवडणूक होऊन जाऊ दिली, मग मतदान घेतलं. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते टॉम डॅशल तर युद्धाचं राजकारण करताय, माफी मागा म्हणून सिनेटमध्येच बुशवर भडकले, पण त्या 77 मध्ये डॅशल स्वतः आहेत हं. आणि डिसेंबर 1998 ला महाभियोगाचं मतदान तोंडावर असताना क्लिंटननी इराकवर बॉम्ब टाकले तेव्हा टायमिंगवर शंका घेणारे सिनेटमधले नेते ट्रेंट लॉट बुशच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

मला विचाराल तर नुसत्या मतांसाठी युद्ध केलं हे पटत नाही, हल्ला मार्च 2003 चा, तोवर मिडटर्म केव्हाच उरकली होती. पण सिनेटरांना निवडणुकीच्या तोंडावरच हो की नाही म्हणायला का लावलं हा प्रश्न उरतोच ना, आणि तो गेममध्ये नाही. डब्ल्यूएमडीचे, म्हणजे ज्यांच्या नावाने युद्ध केलं त्या महासंहारक शस्त्रांचे साठे सापडले नाहीत हे लिहिलंय म्हणा, पण पाटी कोण वाचतंय, सद्दामचं पिस्तूल काचेत ठेवलंय तिथेच सगळे मोबाईल काढून उभे.

लहान मुलं थिएटरमध्ये कंटाळतात, त्यांना बाहेरच्या पार्कमध्ये सोडा. जमलं तर आर्कान्सामधल्या लिटल रॉकचं क्लिंटन म्युझियमही करा, साधारण पाच तास ड्राइव्ह, तिथे महाभियोग 'सत्तेसाठीची लढाई' ह्या हेडिंगखाली मांडलाय, म्हणजे चूक कुणाची ते तुम्ही ओळखालच. डॅलसला 5 पैकी साडेतीन, अर्धा स्टार त्या टेबलाचा.