तयार भाषणांची चोपडी: सोलापूरच्या स्पर्धकाला कितपत कामाची?

ऑगस्ट जवळ आला की नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत भाषणसंग्रहांच्या पातळ चोपड्या पुढच्या फळीवर येतात. जानेवारीत त्यांची दुसरी फेरी. ‘आठवी ते दहावीसाठी’, ‘हमखास बक्षीस’ असं काहीबाही वर छापलेलं असतं. प्रकाशक वेगवेगळे, पण आतला माल इतका सारखा की एक चाळली की बाकीच्या चाळायची गरज पडत नाही. वर्षाचं वेळापत्रक म्हणून चोपडी चांगली, पाठ करायचं भाषण म्हणून वाईट. पाचपैकी दोन.

ते दोन गुण अनुक्रमणिकेचे. १ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ३ आणि १२ जानेवारी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन: शाळेत आणि शाळेबाहेर कोणत्या तारखेला कोणता विषय येणार, हे एका पानावर कळतं. जन्मगाव, आईवडिलांची नावं, सनावळ्या एकत्र सापडतात. कच्चा माल म्हणून ठीक.

गडबड सुरू होते घड्याळापाशी. स्पष्ट उच्चारांत मराठी बोलताना मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या स्पर्धेला सव्वापाचशेच्या आसपास शब्द लागतात आणि चोपडीतलं भाषण असतं जेमतेम दोनशे शब्दांचं. दोन मिनिटांत गाडी स्टेशनात. उरलेल्या वेळात मग चारोळ्या, शेर आणि ‘कुणीतरी म्हटलंच आहे’ची भरती होते. परीक्षक ही भरती लगेच ओळखतात, कारण तीच चारोळी त्यांनी त्या सकाळी तीनदा ऐकलेली असते.

त्यात सुरुवातीचा मुजरा. ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय, परीक्षक, पूज्य गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती.’ मोजून पंचवीस शब्द, चौदा सेकंद. तीन मिनिटांच्या स्पर्धेत ही उधळपट्टीच. ‘अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रांनो’ एवढं म्हणून थेट विषयाला हात घालावा. गुण कुणी कापत नाही. (दहावीतल्या मुलाने ‘बालमित्रांनो’ म्हणणं तर सोडूनच द्या.) पाच मिनिटांसाठी लिहिताना ४८० शब्दांवर थांबावं. श्वास, टाळ्या, आठवायला लागणारा क्षण, यांनाही वेळ लागतो. इशाऱ्याची घंटा बहुधा शेवटचं मिनिट उरलं की वाजते. तोवर शेवटचा मुद्दा सुरू झालेला हवा, नाहीतर घंटा ऐकताच मूल धावायला लागतं आणि शेवटची चार वाक्यं एकात एक जातात.

दुसरा दोष वाक्यांचा. चोपडीतली वाक्यं डोळ्यांनी वाचायला लिहिलेली असतात: ‘जन्म घेऊन, शिक्षण पूर्ण करून, देशासाठी झटून, तुरुंगवास भोगून…’ असं तीसेक शब्द चालतं आणि क्रियापद अगदी टोकाला. बोलणाऱ्याचा श्वास त्याआधीच संपतो, मग तो भलत्या जागी तुटतो आणि अर्थही तिथेच तुटतो. उपाय सोपा आहे. भाषण मोठ्याने वाचावं, जिथे दम लागेल तिथे पेन्सिलने रेघ मारावी आणि रेघेवर वाक्य संपवावं. बारा-चौदा शब्दांचं वाक्य सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शाबूत पोचतं.

सोलापूरसाठी या चोपड्या सर्वांत कमी पडतात त्या १२ जानेवारीला. त्या पानावर राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद असतात, आणि ते बरोबरच आहे. पण १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली गेली, हे पुण्या-मुंबईकडच्या प्रकाशकाच्या ध्यानात कुठून येणार? या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेत जाणारी मुलं त्या दिवशी व्यासपीठावर त्यांचा उल्लेखही करत नाहीत, कारण तो चोपडीत नसतो. ज्यांना आठवतं तीही एक चूक हमखास करतात: फाशी सोलापुरात झाली असं सांगतात. मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला सोलापुरात, मे १९३० मध्ये. फाशी झाली येरवड्याच्या तुरुंगात. सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही तसंच. ते १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या ३२ व्या वर्षी वारले, ते अपस्माराने. त्यांना रणांगणावर गोळी लागल्याचं ठोकून दिलं, तर समोर बसलेला सोलापूरकर परीक्षक ऐकून घेणार नाही. असे तपशील हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर तासाभरात पडताळता येतात.

उच्चारांबद्दल चोपडीत अवाक्षर नसतं. आपल्या शहरात मात्र याची खरी गरज आहे, कारण एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतली मुलं असतात आणि प्रत्येकाची अडचण निराळी. तेलुगू-कन्नडमध्ये ‘ळ’ आहेच, त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू-कन्नड घरच्या मुलाला ‘कमळ’ अवघड जात नाही. तो अडखळतो लिंगात. निर्जीव वस्तूंचं लिंग त्याच्या घरच्या भाषेत पाठ करावं लागत नाही. मराठीत मात्र तो फळा, ती खुर्ची, ते कपाट. घोकंपट्टी केलेल्या भाषणात हे झाकलं जातं आणि पुढच्या फेरीत प्रश्न विचारला की उघडं पडतं. उर्दू घरातल्या मुलाला ‘ळ’ बरोबरच ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’चा फरक बसवावा लागतो. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि जाणत्याकडून फक्त अडलेल्या शब्दांवर खुणा करून घ्याव्यात. महिनाभरात फरक कानाला कळतो.

उत्स्फूर्त स्पर्धेला चोपडी बिनकामाची. तिथे चिठ्ठी उचलल्यावर दोन ते पाच मिनिटं मिळतात. त्या वेळात शेवटचं वाक्य आधी लिहावं, मग आपल्या गावातलं एक ठोस उदाहरण आणि त्याच्या उलट बाजूचा एक मुद्दा. सुरुवात सर्वांत शेवटी. ‘पाणी’ हा विषय आला तर ‘पाणी म्हणजे जीवन’ने आरंभ करणारे डझनभर निघतात. उजनी धरण भरलेलं असताना आपल्या नळाला किती दिवसांआड पाणी येतं, तिथून सुरू करणारा लक्षात राहतो.

काही चोपड्यांत मागे निबंधही जोडलेले असतात. ते वाचावेत, उतरवू नयेत, कारण शुद्धलेखन डोळ्यात बसतं आणि छापलेली चूकही बसते. ‘मंत्रीमंडळ’, ‘विद्यार्थीगृह’, ‘कवीसंमेलन’ असं सर्रास छापतात. नियमांनुसार मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेलं पहिलं पद समासात ऱ्हस्वच राहतं: मंत्रिमंडळ, विद्यार्थिगृह, कविसंमेलन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अवघे अठरा आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ चे. पाचशे शब्दांची मर्यादा असेल तर हाताने लिहिलेली तीन पानं पुरतात. चौथं पान लिहून परीक्षकावर छाप पडत नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर दुकानात उभ्या उभ्या १ ऑगस्टचं पान उघडा. लोकमान्य टिळक गेले आणि अण्णा भाऊ साठे जन्मले तो एकच दिवस, १ ऑगस्ट १९२०. दोघंही त्या पानांवर असतील, साल दोन्हीकडे जुळत असेल, आणि ‘मंत्रिमंडळ’ कुठेतरी बरोबर छापलेलं सापडलं, तर ती प्रत घ्या.