सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड मिश्रण आणि लोहाच्या गोळ्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

कुंडीतल्या झाडाची नवी पानं पिवळी निघतायत आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतायत, असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : सूक्ष्म अन्नद्रव्यं द्या. त्या सल्ल्यावरून मी चिलेटेड मिश्रणाचं, म्हणजे लोह-जस्तासारखी खनिजं सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेल्या मिश्रणाचं, पाकीट आणलं आणि लिंबू, टोमॅटो, मिरची, जास्वंद अशा कुंड्यांवर बरेच महिने वापरलं. योगायोगाने त्याच काळात रक्ततपासणीत माझं फेरीटिन (शरीरात लोह साठवणारं प्रथिन) खूप कमी आलं आणि डॉक्टरांनी मला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. म्हणजे घरात झाडालाही लोह चालू होतं आणि मलाही. दोन्हींबद्दल एकत्र लिहितेय, कारण दोन्हीकडे अडचण एकाच जातीची निघाली. खनिज असतं, पण ते घेता येत नाही.

आधी पाकिटाबद्दल. वनस्पतींना आवश्यक अशी १७ मूलद्रव्यं मानली जातात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून येतात. नत्र, स्फुरद, पालाश ही मुख्य अन्नद्रव्यं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक ही दुय्यम. आणि लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल ही सूक्ष्म. माझ्या पाकिटात यातली पहिली सहा सूक्ष्म द्रव्यं होती. क्लोरीन पाण्यातून आपसूक मिळतं आणि निकेलची गरज अगदीच नगण्य असते, त्यामुळे ती दोन नसण्यात काही गैर नाही. पण हे पाकीट म्हणजे खत नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. नत्र किंवा पालाश कमी असेल तर यातलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.

सुरुवात फवारणीने केली. मात्रा लेबलवर दिलेल्याच्या निम्मी, वेळ ऊन उतरल्यावरची. लिंबाच्या पिवळ्या पानांवर काही दिवसांत जे दिसलं ते जवळून बघण्यासारखं होतं : पानभर हिरवेपणा आला नाही, जिथे जिथे थेंब बसून वाळला होता तिथे तिथे हिरवे ठिपके उमटले. पिवळ्या पानावर हिरवी नक्षी. भिंगातून पाहिलं तर ठिपक्याची कडसुद्धा स्पष्ट दिसत होती. आणि त्यानंतर शेंड्याला जी नवी पालवी फुटली ती पुन्हा पिवळीच.

याचं कारण असं की लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही. जुन्या पानातून काढून नव्या पानाला देणं झाडाला नत्राच्या किंवा मॅग्नेशियमच्या बाबतीत जमतं, लोहाच्या बाबतीत जवळजवळ नाही. म्हणूनच लोहाची कमतरता शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसते आणि मॅग्नेशियमची खालच्या जुन्या पानांवर. दोन्हींत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, त्यामुळे फोटो बघून गोंधळ होतो. पिवळेपणा वर आहे की खाली, एवढं पाहिलं तरी निम्मं निदान होतं. फ्रान्समध्ये यूझेब ग्रीस यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षारांचं द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली होती. तोच प्रयोग आपल्या कुंडीत डोळ्यांसमोर घडताना पाहणं मला फार आवडलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग मुळाशी काय चाललंय ते बघायला लागले. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे. साध्या मातीत झाडाच्या गरजेच्या कित्येक पट लोह पडून असतं. पण सामू (पीएच) वाढला, म्हणजे माती अल्कधर्मी होत गेली, की हे लोह विरघळेनासं होतं, आणि हा फरक थोडाथोडका नसतो. सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची (मातीत बहुतेक लोह याच रूपात असतं) विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. माझ्या कुंडीतल्या मातीचा सामू ७.८ भरला. पाणी जड, भांड्याला पांढरे पापुद्रे धरणारं. त्यातले बायकार्बोनेट मातीचा सामू चढा ठेवतात. लिंबासारखं झाड मुळांभोवती आम्ल सोडून आणि फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे जास्त विरघळणारं रूप, करून ते आत घेतं, पण बायकार्बोनेट ते आम्ल लगेच निकामी करतात. झाड प्रयत्न करत असतं आणि पाणी तो हाणून पाडत असतं.

चिलेट म्हणजे लोहाला सगळीकडून धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. त्याने धरलेलं लोह मातीतल्या चुन्यापासून वाचतं आणि मुळापर्यंत पोचतं. पण सगळ्या चिलेटांची पकड सारखी नसते, आणि हे पाकिटावर ठळक अक्षरांत छापायला हवं असं माझं ठाम मत आहे. ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंतच लोह धरून ठेवतं; त्यापुढे कॅल्शियम लोहाला बाजूला सारून स्वतः तिथे बसतं. डीटीपीए ७.५ च्या आसपास टिकतं. ईडीडीएचए ९ पर्यंत, किंबहुना त्याच्याही वर काम करतं. माझ्या मिश्रणातलं लोह ईडीटीएमधलं होतं. म्हणजे ७.८ च्या मातीत ते आळवणीतून, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतून, देणं जवळजवळ फुकट जाणार होतं. फवारणीसाठी ते ठीक, जमिनीतून देण्यासाठी नाही.

म्हणून पुढे ईडीडीएचए लोहाचं वेगळं पाकीट घेतलं. बारीक काळपट दाणे. पाण्यात टाकले की गर्द लाल रंग पसरतो. आळवणी केल्यावर कुंडीच्या भोकातून झिरपणारं पाणीही लालसर येतं, आणि खालची फरशी डागाळते, तेव्हा बशी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत लिंबाला जी पालवी आली ती पहिल्यापासून हिरवी होती. जास्वंदीलाही तसाच गुण आला, थोडा उशिरा. जुनी पिवळी पानं मात्र पूर्ण सुधारली नाहीत. तशी अपेक्षाही ठेवू नका. पाण्याचा सामू थोडा खाली आणला आणि मातीत कुजलेलं सेंद्रिय खत वाढवलं, तेव्हापासून आळवणीमधलं अंतर बरंच लांबवता आलं. खरा उपाय तिकडे आहे, पाकीट मधल्या काळासाठी.

ईडीडीएचए घेताना लेबलवर ऑर्थो-ऑर्थो प्रकाराचं प्रमाण दिलंय का ते पाहा. सगळ्यात टिकाऊ पकड त्याच प्रकाराची. मी घेतलेल्या पाकिटावर ते दिलेलं नव्हतं आणि विक्रेत्याकडूनही उत्तर मिळालं नाही. यासाठी मी गुण कापते.

टोमॅटोवर मिश्रणाचा काहीच उपयोग झाला नाही. फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडत होता. तो फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे पडतो, आणि या मिश्रणात कॅल्शियम नाहीच. शिवाय मातीत कॅल्शियम भरपूर असूनही हे होतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, पाणी पानांतून जास्त उडतं, फळातून कमी. माती एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिंब, असं झालं की फळ उपाशी राहतं. पाणी रोज ठरावीक दिल्यावर पुढच्या घोसातली फळं स्वच्छ आली. मिरचीची खालची पानं पिवळी पडत होती, तिला मॅग्नेशियम सल्फेट लागू पडलं. बोरॉनबद्दल विशेष सावधगिरी : त्याची गरज आणि विषारीपणा यांतली फट फार अरुंद आहे. जुन्या पानांच्या कडा-टोकं करपायला लागली तर मिश्रण ताबडतोब थांबवा. ‘थोडं जास्त टाकूया’ हा विचार इथे अजिबात करू नका.

आता माझ्या गोळ्या. प्रौढ माणसाच्या शरीरात जेमतेम ३ ते ४ ग्रॅम लोह असतं आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. उरलेल्यातला साठा फेरीटिनमध्ये. माझं हिमोग्लोबिन फारसं घसरलं नव्हतं, साठा रिकामा झाला होता. जिना चढताना धाप आणि केसगळ एवढीच लक्षणं. डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड घ्यायला सांगितली तेव्हा मला वाटलं, रोज का नको? कारण त्यांनीच समजावलं. लोहाचा मोठा डोस गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते साधारण दिवसभर आतड्यातून लोह आत येण्याचं दार ओढून धरतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या बंद दारावर आपटते. एक दिवस सोडला की त्याच गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये हेच दिसलं होतं. प्रत्येकाला हीच पद्धत लागू पडेल असं नाही, आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गोळ्यांचा अनुभव सांगायचा तर पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बद्धकोष्ठता होती, एक दिवसाआड केल्यामुळे ती सहन होण्याइतकी राहिली. शौचाचा रंग काळा होतो, तो लोहामुळे, घाबरू नका. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल आणि कॅल्शियमच्या गोळ्या लोहाचं शोषण कमी करतात, क जीवनसत्त्व वाढवतं. म्हणून गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा बऱ्याच अंतराने, हा क्रम मी शेवटपर्यंत पाळला. थकवा आधी कमी झाला, फेरीटिन मात्र सावकाश चढलं. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडणारे बरेच भेटतात. साठा भरायला काही महिने लागतात, तेवढे द्यावेच लागतात.

लेबल वाचायची सवय दोन्हीकडे सारखीच कामी आली. गोळीवर ‘फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. खताच्या फेरस सल्फेटमध्ये लोह साधारण १९-२० टक्के, ईडीटीएमध्ये १२ च्या आसपास, ईडीडीएचएमध्ये फक्त ६. टक्के बघून स्वस्त-महाग ठरवलं तर ईडीडीएचए सगळ्यात फसवं वाटेल, आणि चुनखडीच्या मातीत उपयोगी पडणारं तेच आहे.

शोषणाचा हा मुद्दा जस्ताच्या बाबतीत तर माणसांवरच कळला. डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधल्या वाढ खुंटलेल्या तरुणांबद्दल लिहिलं. त्यांचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या पोळीचा होता. धान्यात जस्त असतं, पण बियाणं आपला स्फुरद फायटेटच्या रूपात साठवतं आणि हे फायटेट आतड्यात जस्ताला आणि लोहाला बांधून टाकतं. कमतरता जस्ताची असावी हा तर्क पुढे इजिप्तमधल्या तपासण्यांत खरा ठरला. त्याआधी माणसात जस्ताची कमतरता पडू शकते हेच कुणी फारसं मानत नव्हतं. गंमत अशी की मातीत स्फुरद जास्त झाला तर झाडालाही जस्त कमी पडतं. आंबवल्याने, भिजवल्याने, मोड आणल्याने फायटेट घटतं. आणि जस्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणाऱ्यांसाठी : जास्त जस्त तांब्याचं शोषण अडवतं. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते.

झाडाची आणि आपली यादी मात्र तंतोतंत एक नाही. बोरॉन झाडाला हवंच, माणसासाठी ते आवश्यक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. उलट आयोडीन आणि सेलेनियम आपल्याला लागतात, झाडाला त्यांच्यावाचून चालतं. म्हणून झाड हिरवंगार दिसतं याचा अर्थ त्यातून आपल्याला सगळं मिळतंय असा होत नाही. फिनलंडच्या मातीतून पिकांना सेलेनियम फार कमी मिळायचं. १९८४ मध्ये तिथे खतांमध्येच सेलेनियम घालायचा निर्णय झाला आणि पुढे लोकांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. पिकांना त्याची काही गरज नव्हती. खताच्या पोत्यातून थेट माणसाची तब्येत सुधारण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पाकिटांबद्दलच्या बाकी तक्रारी किरकोळ. दमट हवेत मिश्रणाचे खडे होतात, झिप नीट बंद होत नाही, आतला चमचा मापाला बेभरवशाचा. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा वापरा. द्रावण करून ठेवू नका, उजेडात लोहाचं चिलेट तुटतं. कॅल्शियमचं खत आणि सल्फेट किंवा फॉस्फेट एकाच घट्ट द्रावणात मिसळू नका, खाली गाळ बसतो. गोळ्या आणि खत दोन्ही मुलांच्या हाती लागणार नाहीत असे वेगवेगळ्या जागी कुलपात ठेवा. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने गिळल्या तर जिवावर बेतू शकतं.

गुण द्यायचे तर मिश्रणाला पाचपैकी तीन, ईडीडीएचएला साडेचार. मिश्रण पुन्हा घेणार नाही. सामू ६.५ च्या खाली असलेल्या मातीत ज्यांची झाडं आहेत त्यांनी जरूर घ्यावं, त्यांना ते पुरेल. त्याआधी सामू मोजायची पट्टी घ्या, आणि माती मोजल्यावर पाणीही मोजा.